अनुभव धागा: परदेशी विद्यापीठात जाताना लसी, टीबीची चाचणी, दवाखाना

मंडळी, भाचीला ऑगस्टमध्ये अमेरिकेला जायचंय आणि तिचं लसीकरणाचं कार्ड सापडत नाहीये. जे यातून गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय चुकलं तेही लिहा.

नागपूर ते ओहायो
माझं कार्ड आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपलं होतं, घडीवर फाटलेलं. विद्यापीठाला एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोस हवे होते, मध्ये किमान 28 दिवस. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात आणि तिकडे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. त्यामुळे माझा एकच डोस मोजला गेला. दुसरा घरच्या डॉक्टरांकडे घेतला. फॉर्मवर त्यांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्यायला विसरू नका.

खरी घालमेल झाली ती टीबीच्या चाचणीनं. तिथल्या हेल्थ सेंटरमध्ये हातावर सुई टोचली. दोन दिवसांनी नर्सनं तो कडक फुगवटा पट्टीनं मोजला आणि पॉझिटिव्ह लिहिलं. रात्रभर डोळा लागला नाही, घरी फोन करायचीही हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी दंडावरचा बीसीजीचा (लहानपणी देतात त्या टीबीच्या लसीचा) व्रण पाहिला आणि समजावलं, की बीसीजी घेतलेल्यांची ही त्वचेची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती केली, निगेटिव्ह आली. म्हणून भाचीला सांगा, पहिल्यापासून रक्ताचीच चाचणी माग. आणि ती एमएमआरच्या दिवशीच किंवा आधी उरकायची, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबावं लागतं.

सोलापूर ते टेक्सास
तिथे 22 वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची) लस लागते, सत्र सुरू होण्याच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली. मला गावात मिळाली नाही, पुण्याला जाऊन घेतली.

नाशिक ते इंग्लंड
व्हिसासाठी टीबी तपासायला छातीचा एक्स-रे ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्येच काढावा लागतो. व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतात त्या आरोग्य अधिभाराचे वर्षाला 776 पौंड भरले म्हणजे झालं असं मी धरून चाललो. नोव्हेंबरमध्ये तापानं फणफणलो तेव्हा कळलं, की जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव आपणच नोंदवायचं असतं. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच नोंदवा.

एक आई, ठाणे
लेक तिकडे आजारी पडला म्हणून मी हेल्थ सेंटरला फोन केला. त्यांनी काहीच सांगितलं नाही. 18 पूर्ण झालेत, त्याची लेखी परवानगी लागेल म्हणाल्या. मी फोन ठेवून रडले. इतक्या लांबून आईनं विचारायचं तरी कुणाला? दिवाळीच्या सुट्टीत नाही, पुढच्या उन्हाळ्यात तो घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाला, "आई, मी तिथे समुपदेशकाकडे जात होतो. घरी कळणार नाही अशी खात्री होती, म्हणूनच गेलो." मी गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.