आयपी फोन डाटा व्हीलॅनमध्येच जाऊन बसायलेत, काय चुकायलंय?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात 32 आयपी फोन बसवायलोय. स्विच सिस्को कॅटॅलिस्ट, 24 पोर्टचे दोन, पीओईवाले (नेटवर्कच्या वायरीतूनच फोनला वीज देणारे), फोन मात्र दुसऱ्या कंपनीचे. एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं, म्हणजे व्हीलॅन, केलोय: कॉम्प्युटरला डाटा व्हीलॅन 10, फोनला व्हॉइस 20. प्रत्येक पोर्टला 'स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन 20' दिलोय, तरी फोन चालू झाला की 10 मधलाच आयपी घेऊन बसतोय आणि पीबीएक्सला (ऑफिसच्या फोन एक्स्चेंजला) रजिस्टर होईना झालाय. मागच्या साईटवर सिस्कोचेच फोन होते, तिथं एवढंच टाकलं होतं आणि गप चाललं होतं. वैतागून 12 फोनांवर बटणं दाबून दाबून हातानं व्हीलॅन घातलो, ते चालायलेत, पण उरलेल्या 20 ला तेच करायचं म्हणजे बोटं झिजतील राव, आणि उद्या कुणी रीसेट मारला की परत मलाच बोलावणार.

निपाणीकर:
तुमचं पोर्ट कॉन्फिग बरोबर हाय, फक्त स्विच आणि फोन एकमेकांशी बोलेनात. आपल्या बाजारात दुकानदार कन्नडमध्ये भाव सांगतोय, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतंय, तरी पिशवी भरून घरी जातोय आपण. स्विचला तेवढी अक्कल नसते.

सिस्कोचा फोन सीडीपीवर, म्हणजे शेजारच्या उपकरणाशी ओळख करून घ्यायच्या सिस्कोच्या स्वतःच्या भाषेत, विचारतो आणि तुमच्या स्विचवर सीडीपी मुळातच चालू असतं, म्हणून मागं काही करावं लागलं नाही. बाकीच्या फोनांना लागतं एलएलडीपी, म्हणजे तेच काम करणारं सगळ्या कंपन्यांना चालणारं स्टँडर्ड, आयट्रिपलई 802.1एबी, आणि ते कॅटॅलिस्टवर मुळात बंद असतंय. ग्लोबल कॉन्फिगमध्ये 'एलएलडीपी रन' मारा, बस्स. व्हीलॅनचा नंबर फोनच्या कानात सांगायचं काम एलएलडीपी-मेडचं (एलएलडीपीला फोनसारख्या उपकरणांसाठी दिलेली जोड), 2006 चं टीआयए-1057 स्टँडर्ड ते, त्यातल्या नेटवर्क पॉलिसीत व्हीलॅन, प्रायॉरिटी 5, डीएससीपी 46 (आवाजाला आधी सोडा म्हणून सांगणारे आकडे) असं सगळं एकदम जातं. पण एक गोम हाय, फोननं आधी मेडची फ्रेम (नेटवर्कवरचा निरोप) पाठवल्याशिवाय स्विच मेडबद्दल तोंडच उघडत नाही. तेव्हा फोनच्या मेनूतपण एलएलडीपी चालू हाय का बघा, नाहीतर स्विचवर डोकं आपटत बसाल.

खानापूर रोड:
वरच्यांनी सांगितलं ते बरोबर, पण त्या 12 फोनांचं काय? हातानं घातलेला नंबर बऱ्याच फोनांत एलएलडीपीला जुमानत नाही, आज दोन्हीकडं 20 च हाय म्हणून कळणार नाही, पुढं व्हॉइस व्हीलॅन बदलला की नेमके तेवढेच 12 मुके होतील. आत्ताच काढून टाका. आणि इंटरनेटवाल्याची वायर ज्या पोर्टला हाय तिथं 'नो एलएलडीपी ट्रान्समिट' आणि 'नो एलएलडीपी रिसीव्ह' द्या, आपल्या स्विचचं नाव, मॉडेल, व्हर्जन बाहेरच्याला कशाला सांगायचं?

उद्यमबागवाला:
एलएलडीपी रन मारलो, पोर्ट शट-नो शट (बंद करून परत चालू) केलो, फोन उठले ते सरळ 20 मध्ये! 'शो एलएलडीपी नेबर्स' मध्ये एकेकासमोर बी,टी (ब्रिज, टेलिफोन) दिसायलंय, बघूनच बरं वाटलं. हातानं घातलेलंपण काढून टाकलो. 29 झाले. डिस्पॅचचे तीन मात्र अजून 10 मध्येच, आणि नेबर्सच्या यादीत त्यांचं नावच नाही.

निपाणीकर:
ते तीन फोन ॲडॅप्टरवर चालायलेत का?

उद्यमबागवाला:
व्हय की! तुम्हाला कसं कळलं हो?

निपाणीकर:
पीओईवर असते तर ॲडॅप्टर कशाला लागला असता. मधे कुठंतरी पीओई नसलेला छोटा स्विच असणार, टेबलाखाली वाकून बघा. एलएलडीपीची फ्रेम 01-80-सी2-00-00-0ई या पत्त्यावर जाते आणि नियमानं वागणारा स्विच ती पुढं पाठवत नाही, स्वतःच गिळतो. काही स्वस्तातले डबे जाऊ देतात, तुमचा नेमका शिस्तीचा निघालेला दिसतोय.

उद्यमबागवाला:
सापडला बघा. 5 पोर्टचा डबा, वर काळ्या वाळूचा बोटभर थर, लाईटपण दिसेना, आधी मला वीटच वाटली. एक वायर पॅनेलपासून होतीच, ती सरळ फोनला जोडलो, तो लगेच 20 मध्ये आला, ॲडॅप्टरपण काढून टाकलो. अजून दोन वायरी क्रेनखालून ओढायच्यात आणि फोरमन क्रेन थांबवायला तयार नाही, रविवारी सुट्टीला जाऊन ओढतो. थँक्यू हो दोघांना, बेळगावात आलात की कुंदा माझ्याकडून.