मदत हवी आहे: क्रिप्टिक शब्दकोड्यात काना-मात्रा सुटी करता येते का?

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोड्यांचा फार नाद आहे. लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये १९३० पासून शब्दकोडी येतात. क्रिप्टिक म्हणजे एकाच क्लूमध्ये सरळ अर्थही असतो आणि शब्दाची फोडही. ती फोड सापडेपर्यंत डोकं पिकतं, पण सापडली की जो आनंद होतो त्याला तोड नाही!

आता मराठीत रचतोय. 'पाण्याचं खेडं, केळीचा जिल्हा (४ अक्षरं)': जळ + गाव. हे जमतं. अडतं ते अक्षरांची उलटापालट करताना. 'रावेर'मधली रा, वे, र अख्खीच हलवायची, की काना-मात्रा सुटी करून दुसऱ्या अक्षरावर चढवली तरी चालेल? सोडवणाऱ्यावर अन्याय व्हायला नको.

जाणकारांनी कृपया सांगावं. जळगाव-धुळ्याकडे कुणी सोडवणारे असतील तर जरूर कळवा.