तिकिटाच्या उत्तरात लिंकऐवजी टॅगच दिसतात

प्रश्न : पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या छोट्या कंपनीचं हेल्पडेस्क मी सांभाळते. तिकिटांना, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या तक्रारींना, ईमेलने जाणाऱ्या तयार उत्तरात फिल्टर बदलण्याच्या पुस्तिकेची लिंक एचटीएमएलचा (वेबपानं लिहायच्या भाषेचा) ए टॅग, म्हणजे लिंकची खूण, लिहून घातली. काल साताऱ्याच्या एका आजोबांनी फोटो पाठवला. लिंकच्या जागी कोनकंस, एचरेफ, अवतरणचिन्हं, सगळं जसंच्या तसं! त्यांनी ते वहीत उतरवून मोबाइलवर टाइप करून पाहिलं होतं. फार वाईट वाटलं. काय चुकलं?

उत्तर १ : तुमचा एडिटर साध्या मजकुराचा असावा. तो कोनकंसांना साधी अक्षरं समजून पाठवतो, म्हणून टॅग उघडा पडतो. सेटिंगमध्ये रिच टेक्स्ट (ठळक अक्षरं, लिंक वगैरे चालणारा मजकूर) चालू करा आणि लिंकच्या बटणानेच दुवा द्या. स्क्रिप्ट टॅग (प्रोग्रॅम चालवणारा) मात्र तिथेही बहुधा गाळला जातो. सुरक्षेसाठी ते हवंच.

उत्तर २ : एक भर. एकाच ईमेलमध्ये एचटीएमएल आणि साधा मजकूर अशा दोन्ही आवृत्त्या पाठवता येतात. साधी आवृत्ती वाचणाऱ्याला ‘इथे क्लिक करा’ एवढंच दिसू शकतं, लिंकचा पत्ता गायब. म्हणून पूर्ण पत्ता एचटीटीपीएसपासून, वेगळ्या ओळीवर लिहा. बहुतेक मेल ॲप त्याची लिंक आपोआप करतात. शेवटी पूर्णविराम नको, कधीकधी तोही पत्त्यात शिरतो.

प्रश्नकर्ती : रिच टेक्स्ट बंदच होतं! आता पत्ता वेगळ्या ओळीवर, आणि तोही छोटा ठेवलाय. आजोबांना फोन केला, पुस्तिका उघडली.