अध्ययनशैलीनुसार गट पाडल्यास गणिती साक्षरता वाढेल का?

प्रश्न:
नववीच्या 42 मुलांकडून व्हार्क प्रश्नावली (मुलाला कोणत्या रीतीनं शिकायला आवडतं हे विचारणारी) भरून घेतली आणि दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन, कृती असे चार गट पाडले. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या धर्तीवर गणिती साक्षरतेची, म्हणजे रोजच्या प्रसंगांत गणित वापरता येण्याची, 10 प्रश्नांची चाचणीही घेतली. कृती गटाची सरासरी सगळ्यांत कमी आली. त्यांना वेगळं शिकवावं का?

उत्तर 1:
नको. 42 चे चार भाग केले की एकेका गटात दहाच्या आसपास मुलं उरतात; त्यात दोन-तीन कच्ची असली तरी सरासरी घसरते. आधीच्या परीक्षेचे गुण शेजारी मांडून पाहा, बराचसा फरक तिथंच दिसेल. शिवाय प्रश्नावलीतून मुलाची आवड कळते, कुवत नाही.

शैलीशी जुळवून शिकवल्याने फायदा होतो हे दाखवायचं, तर प्रत्येक शैलीची मुलं चिठ्ठ्या टाकून दोन पद्धतींत वाटावी लागतात आणि चाचणी सर्वांना एकच द्यावी लागते. त्यात दृश्य गटाला एक पद्धत सरस ठरायला हवी, श्राव्य गटाला दुसरी. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासलं. पुरेसा पुरावा मिळाला नाही.

उत्तर 2:
सहमत. त्या उत्तरपत्रिका मात्र जपून ठेवा, खरा ऐवज त्यांत आहे. चुकलेला प्रश्न मुलासमोर ठेवून न्यूमनच्या क्रमानं (मूल नेमकं कुठं अडतं ते शोधायच्या पाच पायऱ्या) विचारा: वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कोणती रीत वापरशील, करून दाखव, उत्तर वाक्यात लिही. जिथं पहिल्यांदा अडेल तिथं खूण करा, मध्ये मदत करू नका. आकडेमोड येते पण प्रसंगातून गणित मांडता येत नाही, अशी मुलं तिसऱ्या पायरीवर अडतात. त्यांना आणखी उदाहरणं सोडवायला देऊन उपयोग नाही; नुसती मांडणी करायला द्या, उत्तर काढायला नको.

प्रश्नकर्ता:
मग चित्रं, कृती सोडून द्यायच्या?

उत्तर 2:
अजिबात नाही! फक्त त्या घटक पाहून निवडा आणि सगळ्यांना द्या. उदाहरणार्थ, 100 रुपये किंमत 20 टक्के वाढली, मग 20 टक्के उतरली; आता किती? अनेक मुलं 'मूळ किंमत' असं उत्तर देतात, कारण दुसरे 20 टक्केही ती 100 वरच काढतात. 100 ची पट्टी काढून ती 120 पर्यंत वाढवायला सांगा आणि त्या लांब पट्टीचे पाच समान भाग करून एक खोडायला लावा. 24 जातात, 96 उरतात. लगेच तेच 100 × 1.2 × 0.8 असं लिहून घ्या, नाहीतर समज पट्टीपुरतीच राहते.