स्वयंपुनर्विकासात स्वतंत्र क्वांटिटी सर्व्हेअर नेमावा का?

मुलुंडकर (धागाकर्ता)
आमच्या ३२ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेने विकासकाकडे न जाता स्वयंपुनर्विकास करायचे ठरवले आहे. विकासक काम करतो तेव्हा सिमेंट आणि सळई किती लागली याची चिंता त्याची असते. येथे मात्र कंत्राटदाराचे प्रत्येक रनिंग बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारे बिल) संस्थेच्या पैशातून आणि कर्जातून भागवायचे आहे. म्हणून प्रकल्प सल्लागाराखेरीज स्वतंत्र क्वांटिटी सर्व्हेअर नेमावा, असे माझे ठाम मत आहे. नकाशांवरून बाबवार परिमाणे काढून निविदेसाठी बीओक्यू (कामाच्या बाबी आणि त्यांच्या परिमाणांची यादी) तयार करणे, आलेले दर ताडून पाहणे, जागेवर मोजमाप घेऊन बिल तपासणे आणि वाढीव कामाचा दर ठरवणे, हे त्याचे काम. बीओक्यूच नसेल, तर तीन कंत्राटदार मनातल्या तीन वेगवेगळ्या इमारतींचे दर देतात आणि आपण त्यांतला सर्वांत लहान आकडा निवडून मोकळे होतो.

मागील दुरुस्तीत आमच्याकडे गिलाव्याचे बिल खिडक्या वजा न करताच लावले होते. समितीतील एकालाही ते कळले नाही.

ओळंबा
मी २२ वर्षे साइट इंजिनिअर आहे आणि हा खर्च मला अनावश्यक वाटतो. गिलाव्याचे उदाहरणही तपासून पाहा. आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची (भिंतीतील खिडकी-दारासारख्या मोकळ्या जागेची) वजावट करतच नाहीत. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना गिलावा असेल, तर एकाच बाजूची करतात, कारण खिडकीच्या कडांचा गिलावा वेगळा मोजला जात नाही. १.२ गुणिले १.५ मीटरची खिडकी १.८ चौरस मीटरची, म्हणजे याच गटातली. तुमच्या करारात मोजमापाची कोणती पद्धत लिहिली होती, हे आधी पाहायला हवे. हे कोणताही जाणता अभियंता सांगेल. प्रकल्प सल्लागाराला आपण बिले तपासण्याचेच पैसे देतो. मग त्याच कामाचे पैसे दोनदा का द्यावेत? त्यापेक्षा ती रक्कम मातीपरीक्षणावर आणि चांगल्या स्ट्रक्चरल अभियंत्यावर खर्च करावी.

मुलुंडकर
गिलाव्याबाबत तुम्ही दाखवलेली चूक मान्य आहे. आमच्या करारात पद्धतच लिहिलेली नव्हती. मात्र तोच माझा मुद्दा आहे : निविदेआधी मोजमापाची पद्धत लिहून घेण्याचा आग्रह धरणारे आमच्याकडे कोणी नव्हते. दुसरे असे की, अनेक सल्लागारांचे शुल्क प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत ठरते. खर्च वाढला की ज्याचे शुल्क वाढते, त्याच्याच एकट्याच्या सहीवर बिल मंजूर करणे मला पटत नाही, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो.

जोते
महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदणी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अभियंत्याने द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच परिमाणे कोणी काढली त्या क्वांटिटी सर्व्हेअरचे नाव लिहायची जागा आहे. म्हणजे या कामाची वेगळी दखल नियमांनीच घेतलेली आहे.

ओळंबा
त्याच नमुन्याखालची टीप वाचा. हे काम अभियंत्याच्या कार्यालयात होत असेल, तर तेथील व्यक्तीचे नाव लिहावे, असे ती सांगते; स्वतंत्र माणसाची सक्ती नाही. शुल्काच्या टक्केवारीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर उपाय आहे : सल्लागाराचे शुल्क टक्केवारीत न ठेवता ठोक रकमेत ठरवावे.

मुलुंडकर
ठोक शुल्काने खर्च वाढवण्याचा मोह जाईल, हे कबूल. पण शुल्क ठरलेले असले की जागेवर येण्याच्या खेपा कमी करण्याचा मोह येतो. सळईचे बघा. १६ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला १.५८ किलो, हे गणित कोणीही करील. पण स्लॅब ओतण्याआधी जागेवर जाऊन सळयांमधले अंतर आणि लॅपची (दोन सळया जिथे एकमेकींवर चढवून जोडतात त्या भागाची) लांबी मोजली नाही, तर काँक्रीटखाली काय गेले हे नंतर सिद्ध करता येत नाही. बिलात बार बेंडिंग शेड्यूलमधला (नकाशावरून केलेल्या सळयांच्या तक्त्यातला) आकडा येतो आणि समिती तो मान्य करते.

ओळंबा
स्लॅबआधीच्या मोजणीबाबत आपले एकमत आहे. मग वर्षभरासाठी माणूस न नेमता निविदेचा बीओक्यू आणि प्रत्येक स्लॅबआधीची एक भेट, एवढ्याच कामाचे शुल्क ठरवून घ्या.

मुलुंडकर
त्यात वाढीव कामाचे दर ठरवण्याची जबाबदारी जोडली, तर हा प्रस्ताव मी रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेत मांडेन.