‘समुपदेशन’ की ‘मार्गदर्शन’? मोबाइलवरच्या सेवेसाठी शब्द हवा

प्रश्न : विकसनशील देशांतल्या तरुणांना मोबाइलवरून मदत देणाऱ्या एका सेवेचा मजकूर मी मराठीत करतेय. मुळात ‘गाइडन्स अँड काउन्सेलिंग’ आहे. दोन्हींना ‘मार्गदर्शन’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : नका म्हणू. मार्गदर्शनात वाट आधीच असते. कोणता अभ्यासक्रम, कोणती कागदपत्रं, अर्ज कधीपर्यंत, हे सांगणाऱ्याला माहीत असतं. समुपदेशनात वाट आयती नसते, बोलता बोलता ती बोलणाऱ्यालाच सापडायची असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२च्या पुस्तकात भर दिला तो यावरच.

पण ‘समुपदेशन’ फोडा : सम् + उपदेशन. आत ‘उपदेश’ बसलाय! समोरासमोर असताना ही अढी ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून सुटते. चॅटवर चेहरा नसतो, मान डोलवलेली दिसत नाही. साधं ‘हं’सुद्धा टाइप करावं लागतं. तिथे जे काही आहे ते शब्दच.

झिम्बाब्वेचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६मध्ये आजीबाईंना समुपदेशन शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हटल्यावर लोक फिरकेनात. ‘मैत्रीचा बाक’ म्हटल्यावर येऊ लागले. आजारालाही त्यांनी शोना भाषेतलाच शब्द ठेवला, ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडेही ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणणारे थोडे. ‘विचारांनी डोकं पोखरलंय’ म्हणणारे कितीतरी.

प्रश्न : मग ‘समुपदेशन’ काढूनच टाकू?

उत्तर : नाही, हुद्द्यात ‘समुपदेशक’ राहू द्या. शिकलेलं माणूस आहे, शेजारचं कुणी सल्ला देत नाहीये, हे कळायलाच हवं. बटणावर मात्र ‘मनातलं बोला’ लिहा.

आणि फोनवर झळकणाऱ्या सूचनांचा (नोटिफिकेशनचा) मजकूर दहादा तपासा. पुष्कळ घरांत एकच फोन सगळे वापरतात. ‘उद्या ५ वाजता तुमचं समुपदेशन सत्र’ हे मदत घेणाऱ्या मुलीच्या भावानं वाचलं, तर ती पुन्हा यायची नाही. ‘उद्या ५ वाजता बोलू’ एवढंच पुरे, सेवेचं नावही नको.

एका ठिकाणी मात्र आडपडदा अजिबात नको. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात असलेल्यासाठी वेगळं बटण असेल, तर त्यावर सरळ ‘आत्ता मदत हवी’ लिहा, आणि ते पहिल्याच पडद्यावर, सगळ्यात वर ठेवा.