शेवभाजीला बिडाचीच कढई

ताई, नॉनस्टिक दोन वर्षांत खरवडलं, आता टिकाऊ काय घेऊ, असं विचारलंत. आमच्या जळगावकडच्या स्वयंपाकाला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई आणि लोखंडी तवाच घ्या. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याला कांदा-खोबरं पार काळपट होईस्तोवर भाजावं लागतं, ते मोठ्या आचेचं काम. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामं भांडं तिथवर काही मिनिटांतच पोचतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरीही मला तापल्या लोखंडावरचीच आवडते.

नव्या बिडाला तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या, असं चार-पाचदा; म्हणजे तेलाचा थर मुरतो. धुतलं की लगेच कोरडं करा. आपटू नका, बीड तडकतं. चिंच, टोमॅटो, कढी मात्र त्यात नको; आंबटाने तो थर उतरतो आणि चव लोखंडी लागते. त्यासाठी जाड बुडाचं स्टील.

आता मुलांना तर्री कमी लागते, सासऱ्यांना झणझणीतच हवं. मसाला एकदाच भाजते, तेल निम्मं टाकते. मुरलेल्या कढईला तरी चिकटत नाही. पुरणाचे मांडे भाजायला मात्र सासूबाईंचं मातीचं खापरच ठेवलंय.